आरसीआय नंबर लटकलाय? आधी आवक शिक्का बघ

क्लिनिकल सायकॉलॉजीत एमफिल झालंय, हॉस्पिटलचं जॉइनिंग तोंडावर आलंय आणि मार्कशीटवर एक नाव, डिग्रीवर दुसरं म्हणून आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, आपली नोंदणी करणारी दिल्लीतली संस्था) रजिस्ट्रेशन अडकलंय, हा तुझा प्रश्न वाचला आणि म्हटलं अगं ही तर माझीच फाइल!

फॉर्म कसा भरायचा वगैरे तुला येत असणारच, ते सोडते. घोडं दिल्लीत नाही, इथेच अडतं. माझ्या डिग्रीवर आडनावात एक 'ए' जास्त पडला होता, बास. दुरुस्तीचा अर्ज दिला त्या ऑफिसचं नाव घेत नाही, पण एक खिडकी म्हणायची गॅझेट (राजपत्रात छापलेली नावबदलाची नोंद) आणा, दुसरी म्हणायची गॅझेट कशाला, संबंधित मॅडम रजेवर, त्या आल्या तर फाइल सापडेना. बदलापूरहून लोकलला लटकत जायचं आणि बाराला पोचलं की 'लंचनंतर या'. बाराला कसला लंच हो? ह्यात एक चांगली पोस्ट हातची गेली, कारण हॉस्पिटलला नंबर हवा होता, 'प्रोसेसमध्ये आहे' चालत नाही.

शेवटी हललं ते आरटीआयने. १० रुपयांचा अर्ज, त्यात एवढंच विचारायचं की अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर काय कारवाई झाली, फाइल कोणाच्या टेबलावर आहे. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, मला तर उत्तराआधी फोनच आला. पण मूळ अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि शिक्का हवाच, 'ठेवून जा मॅडम' म्हणाले तरी नुसतं ठेवून यायचं नाही.

गॅझेट लागतं ते लग्नानंतर वगैरे नाव बदललं असेल तर, छपाईची चूक त्यांनीच निस्तरायची. मी वकील नाही, चालू नियम बघून घे. आणि माझं मत विचारशील तर आपल्या प्रोफेशनमध्ये लग्नानंतर नाव बदलूच नये, सासूबाई चार दिवस रुसतील.

प्रोफाइलमध्ये स्वतःच्या डिप्रेशनबद्दल लिहू का, असंही विचारलंयस. मी नाही लिहिलं. काही जणी लिहितात, त्यांना जमतंही, पण पेशंट स्वतःचं बोलायला आलेला असतो, त्याने आपल्यालाच सांभाळून घ्यायला लागू नये. शिक्षण, सीआरआर नंबर (तोच आरसीआयचा नोंदणी क्रमांक), कुठल्या वयोगटाबरोबर काम केलंय आणि भाषा, पुरे. मराठी आवर्जून टाक, आईला घेऊन येणारी मुलं आधी तेच विचारतात.

नंबर येईपर्यंत पाटी मात्र लावू नकोस. १९९२ च्या आरसीआय कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिसला वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.