रडणारी मोठी, हसरा धाकटा

“आम्ही तयार आहोत हो, पण ते मूल आम्हाला आपलं मानेल का?” मूल दत्तक घ्यायला निघालेलं जवळपास प्रत्येक जोडपं ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे विचारतं. मूल तान्हं नसेल तर काळजी वाढते. ते दुसऱ्या देशातलं असेल तर भाषा, जेवण, रंगरूप, नातेवाईक काय म्हणतील, सगळंच तिच्यात मिसळतं. म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका जोडप्याचा अनुभव त्यांच्या संमतीने, तपशील बदलून सांगते. भारतात राहून परदेशातलं मूल दत्तक घेणारे इतके थोडे आहेत की देशाच्या नावावरूनही माणसं ओळखू येतील. त्यामुळे ते नाव गाळलं आहे.

भावंडं होती. मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीनचा. कागदपत्रांत हे जोडपं चोख होतं. आधी त्या देशाच्या कायद्याप्रमाणे सगळी प्रक्रिया, गृहभेटीचा अहवाल, देशादेशांतल्या दत्तकाबाबतच्या 1993च्या हेग कराराच्या कलम 5 आणि 17 खाली ‘कारा’ची, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाची मंजुरी, मग मुलांच्या परदेशी पासपोर्टवर भारतीय दूतावासाचा व्हिसा. प्रत्येकाची वेगळी फाइल. मुलांच्या खोलीला रंग देऊन झाला होता, भिंतीवर जिराफही आला होता. त्यांचं अवसान गळालं ते मुलांशी झालेल्या एका व्हिडिओ कॉलने.

“मोठीने आमच्याकडे पाहिलंच नाही,” बायको म्हणाली. “सांभाळणाऱ्या बाईंच्या कुशीत तोंड खुपसून बसली. बाई जरा उठल्या तर हंबरडा फोडला. धाकटा मात्र इतका गोड! स्क्रीनला पापे दिले. मागून कुणी माणूस चालला होता, त्याच्याही कडेवर चढला.”

“धाकट्याचं टेन्शन नाही,” नवरा म्हणाला. “पण मोठी आमची होईल असं वाटत नाही.”

मी विचारलं, “मोठीला कोण सांभाळतं?”

“त्याच बाई. अडीच वर्षं. अंघोळ, जेवण, झोपवणं, सगळं.”

“आणि धाकट्याला?”

“त्याच्याकडे पाळ्या असतात. बायका बदलत राहतात.”

“म्हणजे मोठीला सोडून यायला जिवाचं कुणीतरी आहे. धाकटा कुणाला सोडून येणार?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिचे डोळे भरून आले. “मॅडम, आम्ही उलटं बघत होतो.”

या एका क्षणासाठी मी अनेक बैठका वाट पाहिली होती. सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती; स्वतः पाहिलं म्हणून ते मुरलं. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या ओढीचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचारांवर वाढलेली मी समुपदेशक आहे. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी आईवडिलांपासून दुरावलेली लहान मुलं इस्पितळात पाहिली होती. आधी आकांत, मग उदासी, आणि शेवटी सगळ्यांशी हसणं, पण कुणातच जीव नाही. कर्मचाऱ्यांना वाटे, मूल रुळलं. रॉबर्टसन यांना तिथेच धोका दिसला. एकदा जीव लावलेलं मूल पुन्हा जीव लावू शकतं. ते रडतं, कारण त्याला माया म्हणजे काय हे ठाऊक असतं. कुणाच्याही कडेवर जाणाऱ्या मुलाला ‘आपलं माणूस’ ही गोष्टच नव्याने शिकायची असते. तो आजार नव्हे. लगेच शिक्का मारू नका. पण तयारी त्याच्यासाठी जास्त लागते.

पुढची तयारी मग बदलली. मोठीसाठी त्यांनी बाईंच्या आवाजातलं अंगाईगीत रेकॉर्ड करून मागवलं, त्यांचा फोटो आणि तिची रोजची चादर मागितली. चादर धुवायची नाही, हे मी बजावलं. त्या वासाने पहिल्या रात्री तरी झोप लागते. ‘भूक लागली’, ‘शी आली’, ‘दुखतंय’, ‘मी इथेच आहे’ एवढं दोघांनी मुलांच्या भाषेत घोकलं. नावं बदलायची नाहीत, हेही ठरलं. आधीच इतकं काही सुटतं, निदान हाक तरी ओळखीची राहावी.

धाकट्यासाठी नियम कडक होते. पहिले काही महिने भरवणं, अंघोळ, झोपवणं, पडल्यावर उचलणं फक्त आईबाबांनी करायचं. सोसायटीत पेढे वाटा, पण मुलाला हातोहात फिरवू नका. आजी रुसल्या. “मी परकी का?” त्यांना बोलावून घेतलं आणि म्हटलं, “आजी, त्याला आधी आई कोण ते कळू द्या, मग आजी आपोआप कळेल. तोवर गोष्टी सांगा, खेळा. घास मात्र सुनेला भरवू द्या.” माझ्या अनुभवात तयारी इथेच सर्वांत जास्त फसते. प्रेमाने भरलेलं घर मुलावर एकदम तुटून पडतं.

मोठी आल्यावर खूप रडली. आईने ‘रडू नको’ म्हटलं नाही, अंगाईगीत लावून शेजारी बसून राहिली. काही आठवड्यांतच ती आईच्या मागेमागे स्वयंपाकघरात फिरू लागली. धाकटा लिफ्टमध्ये वॉचमनकडे हात पसरायचा. प्रत्येक वेळी बाबा हसून त्याला परत जवळ घ्यायचे. वेळ लागला, मधे दोघं थकलेही.

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. उपवन तलावाशी धाकटा धडपडला होता. बाकावरच्या बाईंनी उचललं, तर तो त्यांच्या हातातून सुटून, गर्दीतून वाट काढत तिच्याकडे आला आणि गळा काढला. “मॅडम, तो रडला! माझ्याकडे येऊन रडला!”

दत्तकानंतरच्या पाठपुराव्याच्या अहवालात वजन-उंचीच्या आधी हे लिहा, असं मी तिला सांगितलं.