आधी परतीची वेळ ठरव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या पानावर बाळाचं वजन, रात्रीची जागरणं, कोणाकोणाचे फोन येतात ते सगळं. दुसऱ्या पानावर एकदम मासेमारीची सहल. दोन रात्री, चार मित्र, होडी ठरलेली. आणि अगदी खाली, घाईत लिहिल्यासारखी एक ओळ: 'ती जा म्हणते, पण मनापासून म्हणते का ते कळत नाही.'

तिने 'जा' म्हटलं ते अर्धं बोलणं झालं. उरलेलं अर्धं, म्हणजे 'अमुक वाजता मी दारात असेन', हे तुझ्याकडून यायला हवं होतं. ते आलं नाही, म्हणून तिचं 'जा' तुला अधांतरी वाटतंय. आता पुन्हा पुन्हा 'जाऊ ना?' असं विचारू नकोस. प्रत्येक वेळी विचारलंस की निर्णयाचं ओझं तू तिच्या अंगावर टाकतोस, आणि तिच्या अंगावर सध्या पुरेसं आहे. आधी परतीची वेळ ठरव. निघायची वेळ त्यातून आपोआप निघते.

दोन रात्रींची सहल सोड. यावर मी वाद घालणार नाही. बाळ पाच आठवड्यांचं आहे. बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात वाढतं, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत हळूहळू ओसरतं. बहुतेक बाळांचा जोर संध्याकाळी असतो. त्याच वेळी काही बाळं दर तासाला, कधी अर्ध्या तासाला अंगावर पितात. यात दूध कमी पडतंय असं नसतं, पण आईला तसं वाटू लागतं. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा या वेळात घरात दुसरे दोन हात लागतात, आणि ते तुझे असायला हवेत. मित्रांना आजच कळव. 'बघतो' म्हणून टांगून ठेवू नकोस, त्यांनाही होडीतली जागा दुसऱ्याला द्यायची असेल.

मग जायचंच नाही का? जायचं. पहाटे जायचं.

तास मोजू नकोस, बाळाची पिण्याची वेळ मोज. या वयात बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पितं, म्हणजे साधारण दर दोन-तीन तासांनी. साडेचारचं पिणं झालं की ढेकर तू काढ. बाळाची हनुवटी तुझ्या खांद्याच्या जरा वर येईल असं धर, एका हाताने मानेला आधार, दुसऱ्या हाताचा तळवा वाटीसारखा करून पाठीवर हलके थोपट. पाच मिनिटांत ढेकर आली नाही तर दोन मिनिटं मांडीवर बसतं धरून पुन्हा खांद्यावर घे. लंगोट बदल, पाठीवर निजव. गादी सपाट आणि घट्ट, उशी नाही, लोड नाही, मऊ खेळणी नाहीत. मग नीघ. पाचला निघालास, चाळीस मिनिटांच्या अंतरावरची जागा निवडलीस, की सहाच्या आत गळ पाण्यात. साडेआठला वर काढायचा. अर्धा तास आवरायला, चाळीस मिनिटं परतीला. नऊ चाळीसला पोचशील, पण घरी सांगताना दहा सांग. मधली वीस मिनिटं तुझ्या गाडीच्या चाकासाठी आणि रस्त्यासाठी आहेत, आणखी एकदा गळ टाकण्यासाठी नाहीत. एवढ्या वेळात घरी पाजणं दोनदा होईल. या वयात बाळाचं जग दोन पाजण्यांएवढं असतं, तिथपर्यंत ठीक.

तू म्हणशील, पाण्यावर घड्याळ चालत नाही. सगळे हेच म्हणतात, आणि मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. मासा घड्याळ पाहत नसला तरी उजेड पाहतो आणि पाणी पाहतो, आणि दोन्हींच्या वेळा आधी माहीत असतात. नदीवर किंवा तळ्यावर पहाटेचा मंद उजेड असतो तोवर मासा काठाजवळ उथळात चरतो. ऊन चढलं, पाणी स्वच्छ असलं, की तो खोलात जातो. म्हणजे साडेआठला उठून तू फारसं काही गमावत नाहीस. खाडीवर किंवा समुद्रावर जाणार असशील तर भरती पाहा. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. आज पहाटे सहाला असलेली भरती आठवड्याने दुपारी बाराच्या आसपास जाते, आणि पहाटे सहाला तिथे ओहोटी असते. त्यामुळे 'या रविवारी नाही तर पुढच्या' असं करून चालत नाही, पंधरवड्याने तीच वेळ पुन्हा जुळते. आधी परतीची वेळ ठरव, मग त्या वेळेत बसणारी भरती शोध. लोक उलटं करतात. भरती पाहून निघतात आणि घराला भरतीप्रमाणे ताटकळत ठेवतात.

वेळ जातो कुठे? मासा लागण्याची वाट पाहण्यात फारसा जात नाही, गुंता सोडवण्यात जातो. अंधारात, गार बोटांनी, डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, सोडवत बसलेला माणूस पाहिला की समजावं, याने आदल्या रात्री काही केलेलं नाही. तू आदल्या रात्री करून ठेव. बाळ झोपल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसू नकोस, वेगळी जागा घे. का ते पुढे सांगतो.

रीलवर, म्हणजे काठीवरच्या दोरा गुंडाळायच्या चकरीवर, तंगूस काठोकाठ भरू नकोस. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहू दे. जास्त भरली की फेकताना वळी सुटतात आणि पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो. कमी भरली तर कडेला घासून फेक आखूड पडते. टोकाकडची मीटरभर तंगूस चिमटीतून ओढून पाहा, कुठे खरखरीत लागली तर तेवढी कापून टाक. मासा लागल्यावर तंगूस तुटते ती बहुधा इथेच. मुख्य तंगूस चार किलोची, म्हणजे तेवढा ताण झेलणारी, असेल तर गळाला बांधायचा तुकडा तीन किलोचा घे, म्हणजे दगडात अडकल्यावर फक्त गळ जाईल, बाकी सगळं हातात राहील. हात-दीड हाताचे असे सहा तुकडे गळासकट बांधून फोमच्या तुकड्यावर गुंडाळून ठेव. तुटला की जुना सोडायचा, नवा अडकवायचा, एका मिनिटाचं काम.

गाठ साधीच मार. गळाच्या भोकातून दोरा काढ, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे दे, टोक भोकाजवळच्या फटीतून काढून मोठ्या फासातून परत घे, आणि ओढण्याआधी पाण्याने ओली कर. कोरडी ओढली तर घर्षणाने तंगूस तापते आणि तिथेच कमकुवत होते. गाठ सुबक दिसते, पण मासा लागला की तुटते. रीलचा ब्रेक, म्हणजे किती ताणाला दोरा सुटू लागेल ते ठरवणारा स्क्रू, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेव. चार किलोच्या दोऱ्याला एक ते सव्वा किलो. अंदाजाने नको, स्प्रिंगच्या वजनकाट्याला दोरा अडकवून काठी वाकवून पाहा. दोरा सुटायला लागतो तेव्हा काटा काय दाखवतो ते वाच. गळाचा उलटा काटा पक्कडने दाबून टाक. मासा सोडायला सोपं जातं, आणि बोटात घुसलाच तर तोच गळ आला तसा निघतो. डोळ्याजवळ किंवा खोल घुसला तर मात्र हात लावायचा नाही, डॉक्टरकडे जायचं.

आता 'आणखी एकदाच'चा उपाय. हा उपाय मनाच्या निग्रहावर सोडू नकोस, निग्रह पाण्याच्या काठावर टिकत नाही. आमिष मोजून ने. एकच काठी, दर पंधरा मिनिटांनी आमिष बदलायचं. अडीच तासांना दहा लागतात, तू बारा ने. डबी रिकामी झाली की गळ वर. जास्तीचं आमिष सोबत असणं हेच उशिराचं कारण असतं. डबी रिकामी असली की बाकीच्यांनी कितीही आग्रह केला तरी तुझ्याजवळ थांबायला साधन उरत नाही.

शिशाबद्दल नीट वाच. गळ खाली बुडावा म्हणून काठावर बरेचजण वजनाला शिशाची चिरलेली गोळी दाताने दाबून दोऱ्यावर बसवतात. तू असं कधीही करू नकोस, आणि निदान आता तरी शिसं वापरणंच सोड. टिनची, पोलादाची किंवा टंगस्टनची वजनं मिळतात. मुलाच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी कुठेही ठरलेली नाही. तू घरी येतोस, बाळाला उचलतोस. बाळाच्या गालाला तुझं बोट लागतं, ते तोंड उघडून त्या बाजूला वळतं, आणि बोट तोंडात जातं. हे ते विचार करून करत नाही, जन्मापासूनचं त्याचं वळण आहे. त्या बोटावर काय होतं ते तुला दिसतही नाही. म्हणून स्वयंपाकाचा ओटा नको, म्हणून गळ-वजनांची पेटी घरात आणायची नाही, म्हणून दारातून थेट मोरीत: साबणाने हात कोपरापर्यंत, सदरा बदल, मगच बाळ. डास पळवायचं मलम लावलं असेल तर तेही धुऊन टाक. आणि 'बाळालाही नेऊ या, पाणी दाखवू' असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हण. एवढ्याशा जिवाला बसेल असं भरवशाचं लाइफ जॅकेट नसतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात न्यायचं नसतं. तू मात्र तुझं जॅकेट अंगात घालून बस, उशाशी घेऊन नाही.

परतीची वेळ ठरवण्याचं दुसरं कारण याहून मोठं आहे. कागदावर लिहून फ्रिजवर लाव: कोणती जागा, सोबत कोण, त्याचा नंबर, घरी किती वाजता, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर कुणाला फोन करायचा. सांगितलेली वेळ नसेल तर काळजी कधी सुरू करायची हेच घरच्यांना कळत नाही. दहा सांगून रोज साडेबाराला येणाऱ्या माणसासाठी खरोखर काही झालं तरी साडेबारापर्यंत कुणी हलत नाही. ही गोष्ट मला वेळेवर कळायला हवी होती. कळली नाही. पुढचं लिहीत नाही, पण या एका मुद्द्यावर मी इतका ताणून का धरतो याचं उत्तर तुला त्यात मिळेल.

त्याच कागदावर दुसरी यादी लिही, म्हणजे 'त्याला उगाच कशाला बोलवू' असा विचार तिला करावा लागणार नाही. बाळाचा ताप 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त, पिणं नाकारणं, नेहमीपेक्षा सुस्त, उठवूनही न उठणं, शांत असताना श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, ओठ निळसर, दिवसभरात सहापेक्षा कमी ओले लंगोट. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी थांबून पाहायचं नसतं, सरळ दवाखाना, तू पोचायची वाटही पाहायची नाही. तिचं स्वतःचंही लिही: अंगावरून फार जाणं, स्तन लाल-गरम होऊन ताप येणं, जोराचं डोकं दुखणं. बाळ रडून रडून असह्य झालं तर त्याला पाठीवर पाळण्यात ठेवून पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जायला हरकत नाही, हे तिला आधीच सांग. हलवायचं, गदगदा झुलवायचं कधीच नाही, हे तूही लक्षात ठेव.

आणखी एक पाहा. बाळंतपणानंतर पहिल्या पंधरवड्यात रडू येणं, मन हळवं होणं बहुतेकींना होतं. तुमचे पाच आठवडे झाले. अजूनही तिला दिवसचे दिवस उदास वाटत असेल, बाळ झोपल्यावरही झोप येत नसेल, तर सहल राहू दे आणि आधी डॉक्टरांची वेळ घे.

नातेवाइकांना बातमी द्यायचं काम तू आदल्या रात्रीच उरकून टाक. एक फोटो, वजन किती वाढलं, झोप कशी, बस. घरातल्या एकाच माणसाला कळव आणि पुढे पोचवायला सांग. पहिल्या महिन्यांत दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढत असेल तर ठीक चाललंय, एवढं त्यांना पुरे. तू घरी नाहीस हे कळलं की सकाळभर तिचा फोन वाजत राहतो, ते होऊ देऊ नकोस.

मासे मिळाले तर थोडेच ठेव, बाकीचे सोड. ठेवायचे ते लगेच कल्ल्याजवळ कापून रक्त जाऊ दे, पोट साफ कर, माशांच्या दुप्पट वजनाच्या बर्फात ठेव. खवलं तिकडेच काढ. घरात नवीन काम घेऊन यायचं नाही. ती पाजते आहे, तेव्हा लहान, कमी आयुष्याचे मासे बरे. मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो.

दहाच्या आत दारात आलास, हात धुतलेस, सदरा बदललास की बाळ तुझ्याकडे घे आणि तिला झोपू दे. काढून ठेवलेलं दूध असेल तर तेव्हा कामाला येतं. 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून गरम कर, मायक्रोवेव्हमध्ये नको, मध्येच चटका देणारे गरम भाग राहतात. 60 ते 90 मिलिलिटर घे, बाटली जवळजवळ आडवी धर, मधूनमधून थांब. बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यायचं. बाटलीची सवय त्याच दिवशी लावू नकोस, तीन-चार दिवस आधी एकदा देऊन पाहा. तिला मध्येच स्तन भरून आल्यासारखे वाटले तर उठून थोडं दूध काढावं लागेल, ते तिला ठरवू दे.

खाऱ्या पाण्यातून आला असशील तर रील त्याच दिवशी धुवायला लागतं. ब्रेक घट्ट कर, गोड्या पाण्याची बारीक धार वरून सोड, बुडवू नकोस, पुसून ब्रेक पुन्हा सैल करून ठेव. दहा मिनिटांचं काम आहे. ती उठल्यावर कर.

तुझा,
काका