माझा बोका अचानक विचित्र वागतोय. नवीन सोफा आणला म्हणून राग धरला असेल का?

राग वगैरे काही नाही. चार वर्षांचा बोका कालपासून बाथरूमच्या कोपऱ्यात बसतो, हात लावला की फिस्कारतो, खात नाही, एवढं तुम्ही लिहिलंत. पण त्याला लघवी होतेय का, ते लिहिलंच नाही. आधी त्याचा शी-शूचा मातीचा ट्रे बघा. लघवीने मातीचे गोळे झाले नसतील आणि तो सारखा जाऊन बसत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. रात्र असली तरी व्हेटकडे निघा.

आमच्या खंडूचं हेच झालं होतं. मोठे दीर राहायला आले होते. त्यांच्या कापडी पिशवीवर खंडू बसला आणि दोन थेंब टाकून उठला. दीर भडकले. "मांजराची जातच डूख धरणारी. काल खुर्चीवरून हाकललं, त्याचा सूड घेतोय. सोडून या बाजारात." सासूबाईंनीही मान डोलावली. मी पिशवी धुवायला घेतली तर डाग फिकट गुलाबी. तेवढ्यात खंडू मोरीत जाऊन पुन्हा बसला. जोर करतोय, थेंब नाही. मग शेपटीखाली चाटत असा ओरडला की माझ्या अंगावर काटा आला. पोटाला हात लावला तर आत मोसंबीएवढा टणक गोळा.

जवळच्या दवाखान्यात बद्धकोष्ठ म्हणून पातळ औषध हातात ठेवलं. मी तशीच रिक्षा करून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोट चाचपलं आणि लगेच भूल देऊन नळी घातली. रक्ताळलेली लघवी आली, तिच्यात रेतीसारखे कण.

बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. खडे किंवा चिकट स्राव अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो. मादीमध्ये असं पूर्ण अडणं क्वचित. ट्रेमध्ये बसलं की दुखतं, म्हणून मांजर ट्रे सोडून मऊ कापड किंवा थंड फरशी शोधतं. दीर आजही प्रत्येक कार्यात पिशवीच्या सुडाची गोष्ट सांगतात. सूड घेणारा प्राणी स्वतः कण्हत नाही, भाऊजी. त्या दिवशी तुमचं ऐकलं असतं तर खंडू बाजारातल्या गटाराकडेला मेला असता.

सोफ्याचा अजिबात संबंध नाही, असंही नाही म्हणा. घरातल्या बदलाच्या ताणानेही मांजराच्या मूत्राशयाला सूज येते. पण तो आजार झाला, राग नव्हे. आणि लघवी व्यवस्थित होत असेल तर कारण वेगळं: दात, जखम, ताप, किंवा खिडकीबाहेर दुसरा बोका दिसल्यावर घरच्यांवर निघालेली चिडचिड. म्हातारं मांजर रात्री ओरडायला लागलं तर थायरॉईड आणि रक्तदाब तपासतात. पण चोवीस तास काही खाल्लं नसेल तर कारण कुठलंही असो, दाखवायलाच हवं.

घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, एका गोळीनेही मांजर मरतं. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटू शकतं. आणि डॉक्टरांना "विचित्र वागतोय" एवढंच सांगू नका, शेवटची लघवी कधी केली ते सांगा.