पाचारण वडिलांना, शिष्यवृत्ती मुलाला

प्रश्न : आम्ही मूळचे छत्तीसगडमधल्या धमतरीचे, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमंडळीतले. नोकरीमुळे बरीच वर्षं नागपुरात आहोत. मुलगा २२ वर्षांचा, बी.कॉम. ५८ टक्के. मध्यंतरी तो सीए फाउंडेशन पास झाला, पण पुढे आम्ही थांबवलं. त्याच्या जन्माच्या वेळी आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतलं होतं, तेव्हाच आम्ही त्याला प्रभूच्या सेवेसाठी वाहिलं होतं. बायबलमधल्या हन्नाने आपल्या मुलाला, शमुवेलाला, वाहिलं तसं. आता त्याला पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, शिक्षणासाठी पुण्याला किंवा जमल्यास अमेरिकेला पाठवायचं आहे. तिकडच्या मेनोनाइट मंडळ्या सगळा खर्च करतात असं ऐकलं. ओळखीचं एक अमेरिकन कुटुंब आमच्या मंडळीच्या खात्यात पैसे पाठवायला तयार आहे. नाहीतर शैक्षणिक कर्ज काढू. मुलगा फारसा बोलत नाही, पण त्याची ना नाही. कोणती शिष्यवृत्ती मिळेल?

उत्तर : ‘त्याची ना नाही’ हे शब्द पालकांच्या पत्रात दिसले की मी पुढचं वाचायचं थांबतो. एरवी ते इंजिनीअरिंगच्या पत्रांत असतात. तुमच्या पत्रात ते मला जास्त टोचले. जन्मापासून हा मुलगा ऐकत आलाय की तुझा जीव देवाने परत दिला, तू त्याचा आहेस. त्याने नाही म्हणायचं तरी कोणाला? तुम्हाला म्हटलं तर वडिलांचा अवमान, देवाला म्हटलं तर पाप. मुलाला डॉक्टर करायला निघालेल्या बापाशी पोरं निदान भांडतात, दार आपटतात. तुमच्या मुलाला तेवढीही सोय नाही. सीएची पहिली पायरी चढलेला मुलगा तुम्ही थांबवल्यावर थांबला, आणि तुम्ही त्याला होकार समजलात.

हन्ना आणि शमुवेल तुम्हीच काढलेत म्हणून बोलतो. मी ख्रिस्ती नाही, पण ही गोष्ट मला ठाऊक आहे, आणि ती तुमच्या बाजूची नाही. शमुवेलाला आईने वाहिलं हे खरं, पण गोष्ट तिथे संपत नाही. रात्री देवाची हाक येते तेव्हा तो पोर तीनदा उठून, ज्याच्या हाताखाली तो सेवा करतो त्या म्हाताऱ्या याजक एलीकडे धावतो. त्याला वाटतं, वडीलधारेच बोलावताहेत. एली काय करतो? मी हाक मारली नाही, जाऊन झोप, म्हणून त्याला परत पाठवतो. हाक आपली नाही हे सांगण्याएवढा तो म्हातारा प्रामाणिक होता. तुमच्या घरी मुलगा धावत आला, आणि तुम्ही त्याला प्रवेश अर्ज दिलात.

दुसरं, तुम्ही मेनोनाइट आहात. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा न देणारे लोक. २१ जानेवारी १५२५ला झुरिकमध्ये काही माणसांनी एका घरात जमून एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला, कारण समज यायच्या आधी दुसऱ्याने घेतलेला निर्णय त्यांना मान्य नव्हता. त्यापायी फेलिक्स मांझला १५२७मध्ये लिमात नदीत बुडवून मारलं. ज्या मेनो सायमन्सच्या नावाने तुम्ही ओळखले जाता, तो तर रीतसर रोमन कॅथलिक धर्मगुरू होता. १५३६मध्ये स्वतःच्या मनाने ती जागा सोडून बाहेर पडला. ज्या पंथात बाळाचा बाप्तिस्मा चालत नाही, तिथे बाळ पुढे पाळक होणार हे कसं ठरतं, हे मला खरंच कळलेलं नाही.

आता पैसा. तिकडे सगळं फुकट होतं हा समज फार पसरलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. धमतरीत १८९९मध्ये अमेरिकन मेनोनाइट मिशन आलं, १९१०पासून तिथे इस्पितळ आहे, त्यामुळे ‘तिकडून येतं’ ही सवय जुनी आहे. पण पाळकाच्या शिक्षणाला मदत मिळते ती साधारणपणे तीन ठिकाणांहून थोडी थोडी : आपली मंडळी आणि तिची कॉन्फरन्स (मंडळ्यांचा संघ), सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचा, स्वतःचा निधी, आणि घर. अमेरिकेतही चाल हीच. मंडळी आपल्या विद्यार्थ्यासाठी काही रक्कम काढते आणि काही ठिकाणी सेमिनरी त्यात स्वतःची भर घालते. म्हणजे पहिला रुपया असो की डॉलर, तो मुलाला ओळखणाऱ्या माणसांच्या खिशातून निघावा अशी अपेक्षा असते. ती माणसं शिफारसपत्र देताना वडिलांना बसवून विचारत नाहीत, मुलाला विचारतात : तुला पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, कधी जाणवलं, मंडळीत काय काम केलंस, शिकून कुठे जाशील? शिक्षणानंतर काही वर्षं सेवा करण्याचं वचनही काही ठिकाणी लिहून घेतात. मुलगा तिथेही गप्प बसला तर पैसे अडतील, आणि अडलेले बरे. आणि पाठ केलेलं बोलला, तर तुम्ही दुसऱ्यांचंही नुकसान कराल, कारण मनाविरुद्धचा पाळक शेवटी एका अख्ख्या मंडळीच्या वाट्याला येतो.

ओळखीच्या कुटुंबाचे पैसे मंडळीच्या खात्यात घेण्याचा बेत ताबडतोब सोडा. परदेशी नागरिकाने संस्थेला दिलेली देणगी विदेशी अंशदान कायद्याखाली येते. तुमच्या मंडळीची त्या कायद्याखाली नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही. नोंदणी असली तरी पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत. एका मुलाच्या फीपायी मंडळीचा हिशेब अडचणीत आणू नका. त्या कुटुंबाला खरोखर मदत करायची असेल तर सेमिनरीच्या कार्यालयात विचारा, त्यांची नोंदणी असेल तर थेट तिकडे.

कर्ज काढू नका. पाळकाच्या मानधनातून बँकेचा हप्ता जात नाही, तो तुमच्या पेन्शनमधून जाईल.

अमेरिकेबद्दल एवढंच : इंडियानातल्या एल्कहार्टची अॅनाबॅप्टिस्ट मेनोनाइट बिब्लिकल सेमिनरी असो की दुसरी कुठली, विद्यार्थी व्हिसाची कागदपत्रं मिळण्याआधी पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च दाखवावा लागतो, आणि पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर नोकरी करता येत नाही. ‘जाऊन बघू’ हा मार्ग नाही. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, १९८३पर्यंत आपल्या यवतमाळलाच होती; पदवीधराला बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, धर्मशास्त्राची पदवी) तिथे करता येते. घरी राहून, नोकरी करत चाचपून बघायचं असेल तर धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटचा बहिःस्थ ख्रिस्ती अभ्यासाचा पदवीक्रम आहे. (हे सेरामपूर बंगालमधलं. मिशनरी विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५मध्ये तिथेच छापलं गेलं.)

पण तुम्ही विचारलं नाही ते सांगतो. मुलाला सीए इंटरमीजिएटला बसू द्या. फाउंडेशन झालीच आहे. नसती झाली तरी बी.कॉम.ला ५५ टक्क्यांच्या वर असल्याने त्याला थेट प्रवेश होता. याने नवस मोडतो असं तुम्हाला वाटत असेल, तर वरचा हिशेबाचा परिच्छेद पुन्हा वाचा. इस्पितळं, शाळा, मंडळ्या, सगळ्यांना हे कायदे कळणारा आणि ताळेबंदावर नीट सही करणारा आपला माणूस हवा असतो, आणि तो मिळत नाही. १९५३मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मेनोनाइट व्यापाऱ्यांनी पॅराग्वेतल्या निर्वासित बांधवांना भांडवल द्यायला ‘मेडा’ ही संस्था काढली. ती काढणारे धंदेवाले होते, आणि त्यालाही त्यांनी सेवाच म्हटलं. पुराणमतवादी मेनोनाइटांमध्ये तर अजून शेतकरी-सुतारांतूनच चिठ्ठी टाकून प्रचारक निवडतात, बिनपगारी. सेमिनरीशिवाय सेवा नाही ही समजूत तुम्ही कुठून आणलीत?

मुलालाच सेवेची ओढ असेल आणि नेमकं काय ते कळत नसेल, तर मेनोनाइट सेंट्रल कमिटी या मेनोनाइटांच्या मदतसंस्थेचा तरुणांसाठी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक कार्यक्रम १९५०पासून चालत आलाय. साधारण वर्षभर परक्या घरी राहून काम करायचं. घरापासून तेवढं अंतर त्याला मानवेल. अर्ज मात्र त्याने भरायचा.

तुम्ही दोघांनी केलेला संकल्प तुम्हाला फेडायचा असेल तर तुम्ही फेडा. निवृत्तीला आलात, तो बहिःस्थ अभ्यासक्रम तुम्हालाही खुला आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

शिष्यवृत्त्यांची नावं मी मुद्दाम दिलेली नाहीत. ती मी मुलाला देईन, त्याने मागितली तर. त्याला सांगा, मला स्वतः लिही : सीए सोडताना काय वाटलं, आणि रविवारी चर्चमध्ये कोणतं काम सांगितलं तर तो आपणहून उठतो. ते पत्र पोस्ट करण्याआधी तुम्ही वाचू नका.