रोल पकडलाय का ते आधी बघ

पोरी,
अनेक आशीर्वाद.

योकोहामाच्या सीपी प्लसला, जपानातल्या कॅमेऱ्यांच्या प्रदर्शनाला निघालीस, छान झालं. कुठल्या स्टॉलला किती वेळ, कुठलं प्रात्यक्षिक किती वाजता, चार दिवसांचा अख्खा तक्ता पाठवलास आणि खाली विचारलंस, "काका, यात काही राहिलंय का?" राहिलंय. रिकामा वेळ राहिलाय. तक्त्यात तुला कुणी भेटायला जागाच नाही.

मी २०१८ च्या सप्टेंबरात कोलोनच्या फोटोकिनाला गेलो, तेव्हा माझ्याही खिशात असाच तक्ता होता. १९५० पासूनची ती कॅमेऱ्यांची जत्रा. मी गेलो ती शेवटचीच ठरली, २०२० मध्ये आयोजकांनी ती बंद करत असल्याचं सांगितलं. हॉलमध्ये काय पाहिलंस विचारशील, तर आता फार थोडं आठवतं. चार किलो माहितीपत्रकं उचलून आणली होती, ती वर्षभरात रद्दीवाल्याकडे गेली. फ्रँकफर्ट विमानतळाच्या स्टेशनवरची वीस मिनिटं मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहेत.

कोलोनच्या गाडीची वाट बघत मी प्लॅटफॉर्मचे फोटो काढत होतो. काच, लोखंड, सकाळचं तिरपं ऊन. गळ्यात एफएम-टू, निकॉनचा जुना फिल्मचा कॅमेरा. शेजारचा सत्तरीचा एक माणूस बराच वेळ माझ्या कॅमेऱ्याकडे बघत होता. मला वाटलं, जुना कॅमेरा बघून कौतुक वाटत असणार. मी जरा ऐटीतच फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढला. तो जवळ आला, कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाच्या रिवाइंडच्या चकतीवर बोट ठेवलं, मग तेच बोट हवेत गोल फिरवलं आणि नकारार्थी मान हलवली.

तुला कळलंच असेल. लिव्हर ओढला की ती चकती फिरायला हवी. माझी ढिम्म. काउंटर बावीस दाखवत होता आणि रोलचं तोंड समोरच्या स्पूलमध्ये, म्हणजे फिल्म गुंडाळायच्या रिळात, अडकलंच नव्हतं. घरून निघताना घाईघाईत भरलेला रोल. बावीस फोटो काढले, फिल्मवर एकही नाही. आयुष्यभर फोटोचं दुकान चालवलेला माणूस मी! घरी अजून हे कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

त्याने बाकावर बसून मागचं झाकण उघडलं, रोलची जीभ खाचेत सरकवली, दात भोकांत बसले का ते अंगठ्याने दाबून पाहिलं, झाकण लावून रिवाइंडच्या दांडीने ढील काढली आणि मगच लिव्हर ओढला. चकती फिरली. आम्ही दोघंही हसलो. ओळख तिथे झाली, नावं नंतर कळली.

गाडीला कोलोनपर्यंत जेमतेम तास लागतो. तो लेव्हरकुसेनचा, म्हणजे कोलोनच्या शेजारचा, आणि उमेदीची सगळी वर्षं आग्फा या फिल्मच्या कंपनीत, फिल्मवर इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा लेप, चढवायच्या विभागात काढलेली. काम पूर्ण अंधारात चालायचं. वाट हाताला आणि पायाला पाठ. मी सांगितलं, आमच्या घरातला पहिला कॅमेरा आग्फाचाच, क्लिक थ्री, आणि तो बनलेला बडोद्यात. त्याचा विश्वासच बसेना. वहीत मला "बडोदा" इंग्रजी अक्षरांत लिहून द्यायला लावलं, कंपनीत इतकी वर्षं काढून आपल्याला हे कसं माहीत नाही म्हणून स्वतःवरच चिडला. आग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली, हे त्याने एका वाक्यात सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत बसला. मीही गप्प बसलो. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, एवढं दुकानात बसून शिकलोय.

मग त्याने माझ्या रोलचं खोकं मागितलं आणि मुदतीच्या तारखेजवळचा इमल्शन नंबर, म्हणजे लेपाच्या घाण्याचा नंबर, वाचला. "एका कामाला एकच नंबर," म्हणाला. माझे वडील लग्नाच्या ऑर्डरला हेच सांगायचे. वेगवेगळ्या नंबरचे रोल घेतले की नवरीच्या शालूचा रंग दोन अल्बमांत दोन तऱ्हेचा यायचा.

आमच्या टेबलावर दोन कॅमेरे दिसले म्हणून पुढच्या डब्यातली एक मुलगी येऊन बसली, तुझ्याएवढीच. ती फोमा या चेक कंपनीच्या फिल्मची शंभर फुटी रीळ घेऊन अंधारात स्वतःच रोलच्या डब्या भरायची, कारण तेवढंच परवडायचं. त्याच आठवड्यात कोडॅकने २०१२ मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम ही रंगीत स्लाइडची फिल्म परत बाजारात आणली होती आणि ती त्या बातमीने हरखलेली. संध्याकाळी आम्ही तिघं आणि तिचे दोन मित्र एका जुन्या बिअरच्या घरी बसलो. तिथे कोल्श, म्हणजे कोलोनची बिअर, इवल्याशा ग्लासात येते आणि ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो, खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीची एक रेघ वाढते. नको असेल तर पुठ्ठा ग्लासावर झाकायचा. हे मला सहाव्या रेघेला कळलं.

आता तुझ्याबद्दल. रोज दुपारचे दोन तास कोरे ठेव. जाता-येता गाडीत मोबाइल खिशात आणि कॅमेरा बाहेर, भरलेला. कुणाच्या गळ्यात जुना डबा दिसला तर "कॅमेरा कुठला?" असं विचारू नकोस, ते दिसतंच आहे, आणि तिथून गाडी किमतीवर जाते. "आत काय भरलंय?" विचार, मग "धुता कुठे?" विचार. दुसऱ्या प्रश्नाला माणूस खुलतो. कुणी न्हाणीघरात धुणारा निघतो, कुणी हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, जास्त दिवस वापरल्याची कबुली देतो. डिजिटलला शिव्या घालणं हाच ज्यांचा छंद, तेही भेटतील. चहा संपेपर्यंत ऐकून घे आणि ऊठ.

तुला जपानी येत नाही याची चिंता करू नकोस. फोनवरचे फोटो दाखवत बसू नकोस, कॉन्टॅक्ट शीट ने. छत्तीसचा अख्खा रोल एका कागदावर, फसलेल्या फ्रेमांसकट. चांगला फोटो बघून लोक "वा" म्हणतात आणि पुढे जातात. फसलेल्या फ्रेमवर बोट ठेवून थांबतात. पंधरा-वीस छोटे प्रिंटही ठेव, द्यायला. मागे तुझं नाव आणि ईमेल, आणि देताना दोन्ही हातांनी दे, तिकडे तशी रीत आहे. भेटायचं ते चारचौघांत, उजेडात. आईला हॉटेलचा पत्ता देऊन जा.

रोल कधीही चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस, तिथलं स्कॅनिंग फार जोरकस असतं. हातातल्या बॅगेसाठी बऱ्याच विमानतळांवर आता सीटी यंत्रं आली आहेत, त्यांत एका फेरीतही रोल फॉग होऊ शकतो, म्हणजे त्यावर धुरकट थर येतो. खोकी आणि डब्या घरी ठेव, रोल पारदर्शक पिशवीत घे, रांग कमी असताना जा आणि हाताने तपासा म्हणून नम्रपणे सांग. दर वेळी ऐकतीलच असं नाही. ३२०० चा, म्हणजे प्रकाशाला फार संवेदनशील असा एक रोल सगळ्यांच्या वर ठेवला की तो मोठा आकडा बघून पुष्कळदा ऐकतात.

तसा एक माझ्या फ्रीजमध्ये आहे, कोथिंबिरीच्या डब्यामागे. मुदत केव्हाच गेली, पण वर ठेवायला चालेल. निघायच्या आधी एका संध्याकाळी ये आणि घेऊन जा. येताना कॅमेरा आण, माझ्यासमोर रोल भर. चकती फिरते का ते दोघं मिळून बघू.

तुझा,
काका