हार्मोनियम येते, आता कीबोर्डवर ए मायनर स्केलचा सराव कसा करू?

तुमच्या प्रश्नात दोन अडचणी दिसतात. मायनरचे तीन प्रकार का, हे कळत नाही, आणि वरच्या सा जवळ आलं की हात अडखळतो. मला विचाराल तर दोन्हींचं मूळ एकाच जागी आहे, आणि हार्मोनियम येत असल्यामुळे ते तुम्हाला पटकन दिसेल.

पांढरी सहाचा (सी म्हणजे पांढरी एक, तिथून मोजत सहावी पांढरी पट्टी, म्हणजे ए) सा धरा. तिथून नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर वरच्या सा पर्यंत जा. ग, ध, नि कोमल, म्हणजे आसावरी थाट. हाच नॅचरल मायनर. आता पांढरी पाच सोडून काळी चार घ्या, म्हणजे नि शुद्ध झाला. हा हार्मोनिक मायनर, आपल्या कीरवाणी रागाचे स्वर. चढताना पांढरी चारऐवजी काळी तीन घेऊन ध सुद्धा शुद्ध केला की मेलोडिक. कोमल उरला एकटा गंधार, पटदीप रागासारखा. उतरताना मेलोडिक परत आसावरीच्या स्वरांवर येतो. (स्वर जुळले म्हणून राग झाला नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पटदीपच्या आरोहात रे आणि ध नसतातच.)

सा ते प तिन्ही प्रकारांत तेच आहे. बदलतात ते ध आणि नि. मग सगळी स्केल खालून वर घासत बसण्यात काय अर्थ आहे? पूर्वांग, म्हणजे हा खालचा भाग, तुमच्या हातात आधीच आहे. रियाजाचा निम्म्याहून जास्त वेळ प ध नि सां या चार स्वरांना द्या. डाव्या हाताने खालचा सा आणि प दाबून ठेवा, तानपुऱ्यासारखे, आणि उजव्या हाताने एवढंच उत्तरांग तिन्ही तऱ्हांनी, अगदी सावकाश वाजवा. आधी गाऊन मग वाजवलं तर आणखी चांगलं. मेलोडिकमध्ये चढताना आणि उतरताना वेगळे स्वर लागतात, ते पाठ करायची गरजच पडणार नाही, कानच सांगेल.

हात अडखळतो तो हार्मोनिकमध्ये, कोमल ध ते शुद्ध नि या उडीवर. तिथे तीन अर्धस्वरांचं अंतर आहे आणि उजव्या हातात ते मधल्या आणि चौथ्या बोटावर येतं. ही जोडी मुळातच एकमेकींपासून लांब जायला कुरकुरते. बोटं ताणू नका, मनगट किंचित करंगळीच्या बाजूला सरकू द्या. बोटांचा क्रम (१ म्हणजे अंगठा, ५ म्हणजे करंगळी) १-२-३, अंगठा खालून घेऊन १-२-३-४-५. दोन सप्तकं वाजवणार असाल तर पहिल्या सप्तकाच्या शेवटी करंगळी न वापरता चौथ्या बोटानंतर अंगठा सा वर आणा.

खरं काम डाव्या हाताचं आहे. आपला डावा हात भात्यावर वाढलेला, त्याला पट्ट्यांची सवय नाही. त्याचा क्रम ५-४-३-२-१, मग अंगठ्यावरून मधलं बोट ध वर, ३-२-१. काही दिवस तो एकटाच वाजवा. दोन्ही हात एकत्र करण्याची घाई केलीत की चांगला हात वाईट हाताची चूक झाकून टाकतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक स्वर, आणि दोन्ही हात स्वच्छ आल्यावरच दुगुन, म्हणजे एका ठोक्याला दोन स्वर.

नि शुद्ध करण्याची भानगड पाश्चात्त्यांनी का केली, तेही हातानेच बघा. ए मायनर, डी मायनर, ई मेजर, पुन्हा ए मायनर असे कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे स्वरांचे गट, वाजवा. ई मेजरमध्ये काळी चार लागते आणि तीच सा कडे ओढते. तिथे ई मायनर वाजवून पाहा, ओढ ढिली पडते. पण नि शुद्ध केला की ध आणि नि मध्ये ती मोठी फट पडते, आणि ती बुजवायला मेलोडिकमध्ये ध पण वर चढवला.

एक-दोन आठवड्यांनी कंटाळा येईल. तेव्हा सारेग, रेगम, गमप हे आपले पलटे कीरवाणीच्या स्वरांत घ्या. परीक्षा देणार असाल तर कोणता प्रकार मागितलाय ते मात्र अभ्यासक्रमात बघून घ्या.

पुढे ई, डी, जी, सी मायनर घ्या, दोन्ही हातांची बोटं तीच राहतात. बी मायनर त्यानंतर, कारण तिथे डावा हात चौथ्या बोटाने सुरू होतो.