शरीरातील पाण्याची कमतरता ओळखणारा विज्ञान प्रकल्प कसा आखावा?

शालेय प्रकल्पासाठी निर्जलीकरण ओळखणारे उपकरण करायचे असून त्यासाठी बोटांना लावून त्वचेचा विद्युतरोध मोजणारा सेन्सर घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करताना हा विचार माझ्यासमोर अनेकदा आला आहे आणि माझे मत स्पष्ट आहे: तो सेन्सर घेऊ नका. त्वचेचा रोध मुख्यतः घामावर अवलंबून असतो. धावून आल्याने अंगातले पाणी घटलेल्या माणसाचा हात घामाने ओला असेल तर रोध कमी भरतो, आणि भरपूर पाणी प्यायलेला माणूस नुसता घाबरला तरी तळहाताला घाम सुटून आकडा तसाच खाली येतो.

त्यापेक्षा शरीर स्वतः काय करते ते पाहा. पाणी कमी पडू लागले की मूत्रपिंडे ते राखून ठेवतात आणि लघवी दाट होते. तिची सापेक्ष घनता (पाण्याच्या घनतेच्या किती पट, तो आकडा) साधारण १.००२ ते १.०३० या पट्ट्यात असते, आणि खेळाडूंच्या तपासणीत १.०२० च्या वरचा आकडा पाणी कमी असल्याचे चिन्ह मानला जातो. रंगही गडद होतो, पण ब जीवनसत्त्वाची गोळी घेतल्यानेही लघवी गर्द पिवळी होते, म्हणून मी घनताच निवडेन.

प्रकल्पाचा प्रश्न मात्र आटोपशीर ठेवा: मी केलेले साधन १.०१० आणि १.०२० यांतला फरक खात्रीने ओळखते का? यासाठी कोणाला तहानलेले ठेवण्याची गरज नाही (तसे करूही नये) आणि खऱ्या नमुन्यांचीही गरज नाही. मिठाची द्रावणे पुरतात. ५ ग्रॅम मीठ आणि ४९५ ग्रॅम पाणी घेतले की १ टक्क्याचे द्रावण होते आणि त्याची सापेक्ष घनता सुमारे १.००७ असते; २, ३ आणि ४ टक्क्यांना ती अनुक्रमे १.०१४, १.०२१ आणि १.०२९ च्या आसपास येते. म्हणजे हवा तो पट्टा जवळजवळ पूर्ण मिळतो.

साधन म्हणजे लॅक्टोमीटरसारखा तरंगणारा हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणारे साधन, आणि खरी गंमत त्याच्या आकारात आहे. बरेच विद्यार्थी स्ट्रॉच्या टोकाला चिकणमातीचा गोळा लावून तरंगवतात. १५ सेंटिमीटर बुडणारी अशी स्ट्रॉ १.००० पासून १.०३० पर्यंत जेमतेम ४ मिलिमीटर वर येते, आणि तेवढ्या जागेत खुणा करणे अवघडच. आता १० घन सेंटिमीटरची छोटी बाटली घ्या, तळाशी वाळू भरा आणि झाकणातून बॉलपेनची ३ मिलिमीटर जाडीची रिकामी रिफिल उभी बसवून सांधा पक्का बंद करा. वाळू इतकीच ठेवा की साध्या पाण्यात रिफिलचे फक्त टोक वर राहील. द्रव १.००० पासून १.०३० पर्यंत दाट झाला की तेच वजन पेलायला सुमारे ०.३ घन सेंटिमीटर कमी द्रव बाजूला सारावा लागतो, आणि एवढे आकारमान बारीक रिफिलमध्ये तब्बल ४ सेंटिमीटर उंची व्यापते. म्हणजे १.०१० आणि १.०२० या तुमच्या दोन खुणांत सव्वा सेंटिमीटरहून थोडे जास्त अंतर पडते! हे गणित तक्त्यावर नक्की मांडा. परीक्षकांना तुमचे खरे काम तिथेच दिसेल.

मोजताना बाटलीला चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून घालवा, कारण एक बुडबुडासुद्धा रिफिल वर उचलतो. वाचन रिफिलला चढलेल्या द्रवाच्या कडेवर न घेता सपाट पृष्ठभागाच्या पातळीवर घ्या. तापमान प्रत्येक वेळी नोंदवा. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेले तर त्याची घनता सुमारे ०.००२५ ने घटते, म्हणजे १ टक्का मिठाच्या परिणामाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी चूक केवळ उष्णतेने होते.

शेवटी एखाद्या मित्राला द्रावणांच्या बाटल्यांवर फक्त अ, ब, क अशी अक्षरे लिहायला सांगा, तुम्ही न पाहता प्रत्येकीचे वाचन दहा वेळा घ्या, आणि किती वेळा चुकलात ते जसेच्या तसे लिहा. त्याच पानावर हेही नोंदवा की साखर किंवा प्रथिने उतरल्यानेही लघवीची घनता वाढते, आणि नुकतेच घटाघटा पाणी प्यायल्यास शरीराची तूट भरून निघण्याआधीच ती पातळ होते. म्हणून तक्त्यावर ‘निर्जलीकरण ओळखणारे यंत्र’ असे लिहू नका, ‘१.०१० आणि १.०२० घनतेच्या द्रावणांतील फरक ओळखणारा हायड्रोमीटर’ हे नाव लांबलचक असले तरी तुम्ही त्याचा प्रत्येक शब्द सिद्ध करू शकाल.